सुरकुतीच्या दोन कडा

चवथीच्या दिवसांत फोंड्याकडच्या एका घरी आरती आटोपून मंडळी बसली होती. माटोळीशेजारच्या भिंतीवर घरातल्या पणजीचं पेन्सिलनं काढलेलं चित्र नुकतंच लावलं होतं. नवी काच, सागवानी चौकट, ताजा हार. चित्र मेहनतीनं काढलंय हे कुणालाही कळलं असतं. नथीतला एकेक मोती, लुगड्याचा काठ, अंबाड्यावरची अबोलीची वेणी, सगळं जागच्या जागी होतं. घरातली चारेक वर्षांची मुलगी बराच वेळ त्यासमोर उभी राहिली आणि मग तिनं आईला विचारलं, "पणजीला मांजरानं ओरबाडलंय?" आईनं तिला गप्प केलं, पातोळ्यांचं ताट फिरलं आणि विषय संपला.

मुलीचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण तो अगदी नेमका होता. कपाळावर, डोळ्यांच्या कडेला, ओठांभोवती ज्या रेषा होत्या त्या ६बीच्या, म्हणजे फार मऊ आणि काळ्या पेन्सिलच्या असाव्यात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीच्या, एकसारख्या काळ्या आणि दोन्ही बाजूंनी धारदार. ओरखडा असाच दिसतो. बाहेरून काहीतरी येऊन कातडी चिरत गेलं की ती खूण आजूबाजूच्या त्वचेशी काही नातं न ठेवता उठून दिसते. सुरकुती म्हणजे त्याच त्वचेची घडी. तिला अलीकडे उतार असतो, मध्ये तळ असतो, पलीकडे चढ असतो. उजेड वरून येत असेल तर घडीची वरची बाजू सावलीत जाते आणि खालची बाजू उजेड झेलते. म्हणजे एका सुरकुतीला एक काळी आणि एक उजळ अशा दोन कडा असतात. त्यातही एक ठसठशीत असते आणि दुसरी हळूहळू त्वचेत विरत जाते. त्या चित्रात काळ्या कडा सगळ्या होत्या, उजळ कड एकही नव्हती. मुलीला दोन कडा वगैरे काही ठाऊक नव्हतं, पण अर्धी गोष्ट गाळलीय एवढं तिच्या डोळ्यांनी बरोबर टिपलं.

तरी त्या चित्रकारानं म्हातारपण कबूल केलं होतं, हेही कमी नाही. हल्ली दुसऱ्या टोकाची चित्रं जास्त दिसतात. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, तो आधीच फोनच्या ब्यूटी मोडनं धुऊन काढलेला असतो. गालावर एक रंध्र शिल्लक नाही, डोळ्यांखालची घडी गेली, हनुवटीवरचा तीळसुद्धा अर्धा पुसला गेला. चित्रकार टिश्यू घेऊन तो गुळगुळीतपणा आणखी घोटतो. चेहरा सुबक होतो आणि माणूस हरवतो. ही सवय काही फोननंच लावलेली नाही. काचेच्या निगेटिव्हच्या काळात स्टुडिओतले रिटचिंग करणारे कारागीर बारीक टोकाची पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच सुरकुत्या भरून काढायचे. म्हणून आपल्या भिंतींवरच्या जुन्या फोटोंतले आजोबा-पणजोबा वयाच्या मानानं इतके नितळ दिसतात. अशा फोटोवरून चित्र करायचं असेल तर आधी हे लक्षात घ्यावं लागतं की, तिथली त्वचा एका पेन्सिलनं पूर्वीच झाकलेली आहे. मग घरच्यांकडून त्याच व्यक्तीचा साधा, नेम न धरता काढलेला एखादा फोटो मागून घ्यावा. लग्नाच्या पंगतीतला, अंगणातला, कसलाही चालतो.

ओरखडे काढणारा आणि घोटून काढणारा, दोघंही त्वचेचा पोत ही चेहऱ्यावर वरून चढवायची वेगळी गोष्ट समजतात. एक ती चढवतो, दुसरा ती उतरवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पोत वेगळा काढायचाच नसतो. उजेड चेहऱ्यावरून कसा सरकतो ते नीट उतरलं की पोत कुठे दाखवायचा आणि कुठे नाही हे चित्रच सांगू लागतं.

चुन्याचा गिलावा केलेली जुनी भिंत बघा. समोरून उजेड असताना ती सपाट दिसते. संध्याकाळी ऊन तिरपं आलं की तीच भिंत खड्डे, फुगे, थापीचे फराटे सगळं दाखवते. चेहऱ्याचंही तसंच. ज्या भागावर उजेड सरळ पडतो तिथे बारीक पोत जवळजवळ दिसत नाही, गडद सावलीत तो बुडून जातो. उजेड संपतो आणि सावली सुरू होते त्या मधल्या पट्ट्यात, ज्याला आपण हाफटोन म्हणतो, तिथे उजेड त्वचेला घासून जातो आणि एकेक रंध्र, एकेक बारीक घडी वर येते. खऱ्या मापाच्या चेहऱ्यात हा पट्टा गालावर दोन-तीन बोटं रुंद असतो, नाकाच्या कडेला जेमतेम अर्धं बोट. पोताची बहुतेक मेहनत इथे खर्च करावी. बाकीच्या गालावर पाहणाऱ्याची नजर तो आपोआप भरून घेते. शिकाऊ माणूस नेमकं उलटं करतो. कपाळाच्या मधोमध, जिथे कागद सगळ्यांत कोरा असतो, तिथे ठिपके मारत बसतो, आणि चेहऱ्यावर देवी आल्यासारखं दिसतं.

त्वचा दगडासारखी घट्ट नाही, हेही विसरून चालत नाही. उजेड थोडा आत शिरतो, आतल्या आत विखुरतो आणि शेजारून बाहेर येतो. त्यामुळे सावलीची कड मऊ होते. रंगात काम करणाऱ्याला त्या कडेवर लालसर झाक घालता येते. ग्राफाइटमध्ये, म्हणजे पेन्सिलीत, आपल्याकडे फक्त करडा असतो, म्हणून तो संक्रमणाचा भाग लांबवावा लागतो, एका छटेतून दुसऱ्या छटेत घाई न करता जावं लागतं. मागून ऊन असेल तेव्हा कानाची पाळी सावलीत असूनही उजळते. ती गालाच्या सावलीइतकी काळी केली की कान लाकडी झालाच म्हणून समजा.

आपल्याकडे उजेडाची चैन आहे. जुन्या गोमंतकीय घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या अजून कुठे कुठे टिकून आहेत. त्यांतून येणारा उजेड दुधट, सगळीकडे सारखा पसरलेला असतो. त्यात तरुण चेहरा फार सुरेख दिसतो, पण पोत झोपतो. बाल्कांवातल्या, म्हणजे दारासमोरच्या सज्ज्यातल्या, बाकावर माणसाला एका बाजूनं उजेड मिळेल असं बसवलं तर गालाचा घाट आणि त्वचा दोन्ही बोलू लागतात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर बसवावं. भर दुपारच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, माणूस डोळे बारीक करतो आणि मग ज्या सुरकुत्या दिसतात त्या वयाच्या की उन्हाच्या हे सांगता येत नाही. फोटो घ्यायचा असेल तर दीड-दोन मीटर लांब उभं राहून झूमचं भिंग वापरावं. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. ब्यूटी मोड बंद करावा आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावा, नाहीतर जो बारकावा आपल्याला हवा असतो तोच दाबला जातो.

मग मापाचा प्रश्न. नुसत्या डोळ्यांना दिसणारी गालावरची, नाकावरची रंध्रं साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटरची असतात. ०.३ मिलिमीटर लीडच्या मेकॅनिकल पेन्सिलचा ठिपका साधारण तेवढाच. म्हणजे चेहरा खऱ्या मापाचा, हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत १८ सेंटिमीटरच्या आसपास काढला, तरच एक रंध्र म्हणजे एक ठिपका हे गणित जमतं. ए४ कागदावर खांद्यांसकट माणूस बसवला की चेहरा आठ-नऊ सेंटिमीटरचा होतो. तिथे रंध्र काढायला गेलात तर ते खऱ्यापेक्षा दुप्पट होतं. अशा वेळी रंध्रं सोडून द्यावीत आणि छटा किंचित कमी-जास्त ठेवून नुसता भास करावा. त्वचेवर काम करायची हौस असेल त्यानं ए३च्या खाली येऊ नये.

कागदाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो. ब्रिस्टल स्मूद किंवा ३०० जीएसएमचा हॉट-प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत, कागद घ्यावा. खडबडीत कागदाच्या दाण्यामुळे फुकटचा पोत मिळतो आणि तो मोहात पाडतो. पण तो सगळीकडे सारखा असतो. नाकावर, गालावर, डोळ्याखाली एकच दाणा. खऱ्या चेहऱ्यावर असं कधीच नसतं. सरावाला साधा कार्ट्रिज पेपर चालतो, फक्त त्यावर खोडरबर फार वेळा चालवला की वरचे धागे उचकटतात आणि तिथे ग्राफाइट डाग धरतं.

पेन्सिली फार लागत नाहीत. २एच, एचबी, २बी, ४बी आणि ०.३ची एक मेकॅनिकल, एवढ्यांत चेहरा होतो. यांत एच म्हणजे कठीण, बी म्हणजे मऊ. निकोलस-जॅक काँते यानं १७९५ साली ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवून भाजायची युक्ती काढली, तेव्हापासून हे कठीण-मऊचं माप आपल्या हातात आहे. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि गडद. मऊ पेन्सिलचा त्रासही त्यातूनच येतो. ग्राफाइटचे कण चपटे, पत्र्यापत्र्यांचे असतात. जोर देऊन घासले की ते कागदाशी समांतर निजतात आणि चकाकू लागतात. सगळ्यांत काळी हवी असलेली जागा, नाकपुडी किंवा डोळ्याची बाहुली, एका कोनातून चक्क पांढरट दिसते. कार्बन मिसळलेल्या मॅट पेन्सिली त्यावर उपाय आहेत. पण त्या आधी लावाव्या लागतात. चकाकत्या ग्राफाइटवर त्या धरतच नाहीत, नुसत्या घसरतात. म्हणून बाहुल्या, नाकपुड्या, ओठांमधली फट, पापणीची मुळं एवढ्या जागा मॅट पेन्सिलनं सुरुवातीलाच ठरवून घ्याव्यात. चेहऱ्यातला सगळ्यांत गडद काळा कागदावर असला की बाकीच्या छटा तोलायलाही सोपं जातं.

त्वचेचा पहिला थर २एचचा. पेन्सिल टोकाकडे न धरता मागे धरायची, मनगट सैल, आणि दोन-तीन मिलिमीटरची वर्तुळं एकमेकांत मिसळत जायचं. सरळ रेषांचं शेडिंग इथे नको, कारण प्रत्येक रेषेला दिशा असते आणि ती दिशा पुढे सुरकुतीशी भांडते. टोक सतत अणकुचीदार ठेवायचं. बोथट टोक कागदाच्या उंचवट्यांवरूनच फिरतं, खाचा कोऱ्या राहतात आणि करड्यात पांढरी भुरभुर दिसते. पुढचा थर एचबीचा, सावलीकडे २बी, जबड्याखाली आणि मानेच्या आत ४बी. प्रत्येक थर पेन्सिलच्या वजनानं पडू द्यावा. एकदा जोरानं दाबलेल्या जागेवर कागदाची धरण्याची ताकद संपते, मग तिथे वरून काही चढत नाही आणि खोडूनही जागा पूर्ववत होत नाही. हा पाया शेवटी हव्या असलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिका ठेवावा, कारण पोत चढवताना तो गडद होणारच. नाकाच्या शेंड्यावरचा किंवा कपाळावरचा चकचकीत उजेडही सुरुवातीला कोरा सोडू नये. तिथेही २एचचा पुसट थर द्यावा. कोरा सोडलेला हायलाइट कागदाला भोक पडल्यासारखा वाटतो, करड्यातून उचललेला हायलाइट मात्र ओल्या त्वचेवरचा उजेड होतो.

थर एकजीव करायला मेकअपचा मऊ ब्रश सगळ्यांत चांगला. तो कण हलवतो, दाबत नाही. टिश्यू मोठ्या भागाला ठीक आहे, पण फार घासलं की दाणा बुजून जातो आणि तिथली त्वचा निर्जीव होते. कागदी स्टंप, म्हणजे घोटायची कागदाची कांडी, फक्त पापणीची घडी, नाकपुडीची कड असल्या अडचणीच्या जागी. बोट कधीच लावायचं नाही. बोटाचं तेल कागदात मुरतं, ग्राफाइट त्याला धरून बसतं आणि कुठल्याही रबरानं तो डाग निघत नाही. आपल्या हवेत तर हाताखालीही बटरपेपर ठेवावा लागतो आणि तो दमट झाला की बदलावा लागतो. घामानं ओला झालेला तळवा अर्ध्या तासात जबड्याची कड खाऊन टाकतो.

इथवर एकही रंध्र आणि एकही सुरकुती काढलेली नसते, आणि तरीही लांबून बघितलं तर माणूस ओळखू यायला हवा.

तो ओळखू येत नसेल तर पुढे जाऊन काही उपयोग नाही, हे कितीही सांगितलं तरी कमीच. आता नीडेबल रबर घ्यायचा, बोटांत मळून टोक काढायचं आणि हाफटोनच्या पट्ट्यावर नुसतं टेकवून उचलायचं. घासायचं नाही. प्रत्येक टेकवण्यासरशी करड्यात एक छोटा उजळ उंचवटा तयार होतो. चार-पाच वेळा टेकवलं की टोक काळवंडतं, पुन्हा मळायचं. त्याहून बारीक जागेसाठी २.३ मिलिमीटरचा पेनसारखा रबर मिळतो, त्याचं टोक ब्लेडनं तिरकं कापून घेतलं की धार येते. मग ०.३ची एचबी. रंध्र हा खड्डा आहे. उजेड डावीकडून येत असेल तर खड्ड्याची डावी भिंत सावलीत असते आणि उजवी भिंत उजळते. म्हणून पूर्ण ठिपका न देता डाव्या बाजूला एक छोटी चंद्रकोर द्यायची आणि उजवीकडचा उजळ कण तसाच ठेवायचा. तीळ किंवा पुटकुळी हा उंचवटा, तिथे हेच उलटं. उजेडाच्या बाजूला उजळ, पलीकडे सावली. एवढा एक नियम न चुकता पाळला की भिंग लावून बघणाऱ्यालाही त्वचा खरी वाटते. अंतर सारखं ठेवू नये, माप सारखं ठेवू नये. रंध्रं घोळक्यानं येतात, मध्येच ओस जागा सुटते. चौरस इंचभर भाग झाला की कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघावं. ठिपके ठिपके म्हणून दिसत असतील तर वरून २एचचा एक हलका थर फिरवावा. ठिपके खाली बसतात आणि त्वचा पुन्हा एक होते. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा थर आहे आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात.

चेहऱ्याच्या प्रत्येक गावाची रीत वेगळी. नाकाच्या शेंड्यावर आणि पाकळ्यांवर रंध्रं मोठी आणि दाट. गालाच्या वरच्या भागात ती गोल, पण वय वाढून गाल उतरू लागले की खालच्या दिशेनं लांबट होतात. डोळ्याखालच्या पातळ त्वचेवर रंध्रं दिसत नाहीत, तिथे एकमेकींना छेदणाऱ्या अगदी पुसट रेघांची जाळी असते. ती अणकुचीदार २एचनं, श्वास रोखून. ओठांवर उभ्या घड्या, आणि खालच्या ओठावरचा उजेड त्या घड्यांमुळे तुटक तुटक. सुरकुत्यांची दिशा पाठ करायची गरज नाही, खालचा स्नायू आठवावा. सुरकुती स्नायूच्या धाग्यांना आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो म्हणून कपाळावर आडव्या आठ्या. भुवया जवळ आणणारा स्नायू आडवा-तिरका, म्हणून त्यांच्यामध्ये उभ्या रेषा. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल फिरतो, म्हणून कोपऱ्यातून किरणांसारख्या रेषा फुटतात. कपाळावरची आठी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड कधीच जात नाही. मध्ये तुटते, वर सरकते, पुन्हा सुरू होते. जिथे ती खोल तिथे २बी, दोन्ही टोकांना एचबीवरून २एचवर उतरत त्वचेत विरून जायला हवी. आणि प्रत्येक आठीखाली, रबराच्या धारेनं उचललेली ती उजळ कड.

आता उन्हात काम करणाऱ्या माणसांबद्दल. कारण आपल्याकडे काढण्याजोगे चेहरे बहुतेक त्यांचेच आहेत. रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढणारे, आगरवाड्याच्या मिठागरांत काम करणारे, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात भाजीचे वाटे मांडून बसलेल्या बायका. वर्षानुवर्षं ऊन लागलेली त्वचा जाड होते आणि मानेच्या मागे तिरक्या चौकटींच्या खोल भेगा पडतात. या भेगांना चौकटीसारखा आकार असतो हे न बघता नुसत्या आडव्या रेषा मारल्या की मान कुणाचीही होते, रापणकाराची राहत नाही. हनुवटीखालचा सावलीतला त्रिकोण मात्र त्याच माणसाचा नितळ असतो, कारण तिथे ऊन पोचतच नाही. चित्रात हा फरक ठेवला की त्या माणसानं आयुष्य कुठे काढलं हे सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी वरचा सगळा नियम मोडते. उन्हात सतत डोळे बारीक करणाऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या घड्यांच्या आत ऊन शिरत नाही. तो सावलीत येऊन चेहरा सैल सोडतो तेव्हा त्या घड्या उघडतात आणि तळाशी आजूबाजूपेक्षा फिकी त्वचा दिसते. म्हणजे सुरकुती, पण पांढरी. ती काळ्या रेषेनं काढली तर साफ खोटी. तिथे आधी गालाची छटा पूर्ण करून मग रबराच्या धारेनं ती रेघ उचलायची. मिठागरात तर पाण्यावरून आणि मिठाच्या राशींवरून उजेड खालून वर येतो. जबड्याखाली सावली असायची तिथे करडा उजेड असतो, आणि घड्यांची कुठली कड उजळ हे तिथे पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं.

सावळ्या रंगाबद्दल थोडं कडक बोलावंसं वाटतं. "थोडा गोरा करा हां" ही मागणी इतकी सर्रास होते की करणाऱ्याला आपण काय मागतोय हेही जाणवत नाही. मागणी मान्य केली की चित्रातली त्वचाच जाते, हे तिला नकार देण्याचं चित्रकाराकडचं सरळ कारण आहे. सावळ्या त्वचेत घाट दाखवण्याचं मोठं काम हायलाइट करतात. त्वचेच्या वरच्या पृष्ठभागावरून थेट उसळणारा उजेड रंगद्रव्यावर अवलंबून नसतो, आत शिरून परत येणारा उजेड मात्र रंगद्रव्य खाऊन टाकतं. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर चकाकी जास्त स्पष्ट, जास्त कोरीव दिसते आणि पोतही त्या चकाकीतच वाचता येतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची करड्याची पट्टी समोर ठेवली तर गोऱ्या चेहऱ्याचा पाया दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसतो, सावळ्याचा पाचव्या-सहाव्यावर. तिथवर जोर देऊन जायचं नाही, थर वाढवत जायचं. मग कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर रबरानं हायलाइट उचलायचा आणि त्या उजळ तुकड्यात ०.३नं बारीक तुटकपणा आणायचा. गोऱ्या त्वचेवर पोत गडद ठिपक्यांनी सांगता येतो, सावळ्या त्वचेवर तो उजेड मोडून सांगावा लागतो. आपल्या दमट हवेत तर कपाळावर घामाचा ओलसर पातळ थर असतोच, तो या कामात मदतच करतो.

पणजी शहरात फोंतान्यश भागातल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. गोव्यातल्या सांग्याला १८७० साली जन्मलेला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवलेला हा चित्रकार १९३५ साली गेला. माध्यम तैलरंग, आपल्या पेन्सिलच्या कामाशी थेट नातं नाही. तरीही ग्राफाइटमध्ये त्वचा काढू पाहणाऱ्यानं तिथे जाऊन एकेका चेहऱ्यासमोर आधी हातभर अंतरावर आणि मग चार पावलं मागे उभं राहावं. जवळून बघताना रंध्र शोधून सापडत नाही. मागे सरकलं की त्वचा उबदार, जिवंत. सगळी मदार छटा कुठे वळते त्यावर आहे. तसंच अल्ब्रेख्त ड्यूररनं १५१४ साली कोळशानं काढलेलं आपल्या म्हाताऱ्या आईचं चित्र. हाडावर ताणलेली कातडी, कपाळावरच्या आठ्या, मानेच्या शिरा. तिचं काहीही लपवलेलं नाही आणि तरी बघताना ओरखडे आठवत नाहीत. रेषा घाटाबरोबर वळत गेल्या आहेत म्हणून. या दोघांची चित्रं हायपररिअ‍ॅलिझमच्या, म्हणजे फोटोपेक्षाही बारीक तपशील काढण्याच्या, मागे लागलेल्या मुलांनी आधी बघावीत असं मला फार वाटतं. तासन्‌तास रंध्रं मोजण्याची चिकाटी त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. ती चिकाटी गालाच्या वळणावर आधी खर्च झाली तर काय होईल!

राहता राहिला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कागद हवेतलं पाणी पितो आणि त्याचा पृष्ठभाग मऊ पडतो. २एच तिथे छटा देण्याऐवजी खाच पाडते आणि त्या खाचेत पुढचा थर काळा जाऊन बसतो. या दिवसांत २एचच्या जागी एच घ्यावी, हात आणखी हलका ठेवावा, आणि कागदाचे गठ्ठे कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवावेत. पिवळसर-तपकिरी ठिपके दिसू लागलेला कागद चित्राला वापरू नये. सुरुवातीला पुसट असलेले ते ठिपके पुढे नेमके गालावर उमटतात. ग्राफाइट धरून ठेवणारा फिक्सेटिव्ह मारायचा तो ऊन पडलेल्या कोरड्या दिवशीच. दमट हवेत स्प्रे पांढरट धुरकट बसू शकतो आणि मग सावल्यांवर कायमचं धुकं राहतं. तीसेक सेंटिमीटरवरून, हात थांबू न देता, दोन पातळ थर पुरतात. फिक्सेटिव्हनं गडद भाग किंचित आणखी गडद होतात, म्हणून ४बीच्या सावल्या त्या हिशेबानं आधीच जरा राखून ठेवाव्यात आणि पहिला प्रयोग तुकड्यावर करावा. फ्रेमवाल्याला बजावून सांगावं की काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटबोर्डाची फट हवी. रंध्रांचं आणि उजळ कडांचं सगळं काम सर्वांत वरच्या थरात असतं, आणि दमट काचेला पहिल्यांदा तोच थर चिकटतो. पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येत असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून ती भिंतीपासून सुटी ठेवावी.